विश्लेषण : ‘हिमगौरी’ची सख्खी आई सावत्र कशी झाली? परीकथांना कात्री लावणाऱ्या विल्हेल्म ग्रिम यांची गोष्ट

‘हिमगौरी आणि सात बुटके’ ही गोष्ट ज्यांनी लहानपणी ऐकली आहे, त्यांना त्यातली दुष्ट सावत्र आई नक्की आठवत असेल. रोज आरशाला प्रश्न विचारणारी आणि हिमगौरीच्या रूपावर जळणारी. पण १८१२ मध्ये ग्रिम बंधूंच्या पुस्तकात ही गोष्ट पहिल्यांदा छापली गेली, तेव्हा ती बाई सावत्र नव्हती. बर्फासारखी गोरी मुलगी व्हावी अशी इच्छा धरणारी आणि पुढे त्याच मुलीच्या जिवावर उठणारी बाई एकच होती. ती हिमगौरीची सख्खी आई होती. सात वर्षांनी दुसरी आवृत्ती आली. त्यात ही आई मुलीला जन्म देऊन मरते आणि वर्षभराने राजा दुसरे लग्न करतो.

हा बदल केला विल्हेल्म ग्रिम यांनी. लहान मुलांच्या गोष्टींतले भय आणि हिंसा ठेवावी की काढून टाकावी, हा वाद नवे पुस्तक किंवा नवा सिनेमा आला की दर वेळी डोके वर काढतो. मूळ गोष्टींना हात लावू नये, असे एका बाजूचे म्हणणे असते. मुलांच्या झोपेचे काय, असा दुसऱ्या बाजूचा सवाल असतो. दोन्ही बाजू ग्रिम बंधूंचा दाखला देतात. मात्र ज्यांना आपण ‘मूळ’ म्हणतो, त्या गोष्टीच ४५ वर्षांत सात आवृत्त्यांमधून बदलत आलेल्या आहेत. त्या कोणी बदलल्या, का बदलल्या आणि कात्री नेमकी कुठे चालली, हे समजून घेण्यासाठी विल्हेल्म यांच्या आयुष्याकडे पाहावे लागते.

विल्हेल्म ग्रिम कोण होते?

विल्हेल्म यांचा जन्म २४ फेब्रुवारी १७८६ रोजी जर्मनीतील हानाउ या गावी झाला. थोरला भाऊ याकोब त्यांच्यापेक्षा जेमतेम वर्षाने मोठा. वडील फिलिप वकील होते आणि १७९१ मध्ये श्टायनाउ येथे सरकारी अधिकारी म्हणून त्यांची नेमणूक झाली. कुटुंबाला राहायला प्रशस्त सरकारी घर मिळाले. आई डोरोथेआ यांना नऊ मुले झाली, त्यांपैकी सहा जगली. पाच मुलगे आणि एक मुलगी.

जानेवारी १७९६ मध्ये न्यूमोनियाने वडील गेले. विल्हेल्मला तेव्हा दहावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. सरकारी घर सोडावे लागले आणि कुटुंब नातेवाइकांच्या मदतीवर जगू लागले. आईची बहीण हेन्रिएट कासेलच्या दरबारात नोकरीला होती. तिच्या आधाराने १७९८ मध्ये दोघे भाऊ कासेलला शाळेत गेले आणि पुढे मारबुर्ग विद्यापीठात कायदा शिकले. तिथे फ्रीडरिश कार्ल फॉन साविन्यी या प्राध्यापकांच्या घरच्या ग्रंथालयात त्यांना जुन्या जर्मन साहित्याची गोडी लागली आणि वकिली मागे पडली.

१८०८ मध्ये आई वारली. घरातली भावंडे आता या दोघांच्या जबाबदारीवर होती. विल्हेल्म यांना दमा आणि हृदयाचा त्रास होता. १८०९ मध्ये उपचारांसाठी त्यांना काही महिने हाले शहरात राहावे लागले. त्याच काळात कासेल ही नेपोलियनचा भाऊ जेरोम याच्या राज्याची राजधानी झाली होती. शहरावर फ्रेंचांची सत्ता, घरात पैशाची चणचण आणि प्रकृतीची कुरकुर अशा दिवसांत दोघा भावांनी गोष्टी गोळा करायला सुरुवात केली. आपल्या लोकांचे जुने सांगणे परक्या राजवटीत पुसले जाऊ नये, ही त्यामागची तळमळ होती.

या गोष्टी त्यांना कोणी सांगितल्या?

ग्रिम बंधू खेडोपाडी हिंडून शेतकऱ्यांच्या तोंडून गोष्टी टिपून घेत, अशी एक लोकप्रिय समजूत आहे. प्रत्यक्षात बहुतेक कथा सांगणारेच त्यांच्याकडे येत, आणि त्यांत सुशिक्षित घरांतल्या तरुण मुली मोठ्या संख्येने होत्या. कासेलमध्ये शेजारीच विल्ड कुटुंबाचे औषधांचे दुकान होते. त्या घरातल्या डोर्टशेन विल्ड या मुलीने अनेक कथा सांगितल्या. फ्रान्समधून आलेल्या प्रोटेस्टंट वंशाशी नाते असलेल्या हासनफ्लुग कुटुंबातल्या बहिणींनीही कथा दिल्या. योहान फ्रीडरिश क्राउझे हा निवृत्त सैनिक जुन्या विजारींच्या बदल्यात गोष्टी सांगत असे.

पहिला खंड प्रसिद्ध झाल्यावर डोरोथेआ फीमान ही महत्त्वाची कथेकरीण त्यांना भेटली. ती शिंप्याची बायको होती. बाप खाणावळवाला असल्याने वाटसरूंच्या गोष्टी ऐकत ती वाढली होती आणि भाजीपाला विकायला शहरात येत असे. तिने सुमारे ४० कथा दिल्या. एखादी गोष्ट पुन्हा सांगायला लावली तरी तिचे शब्द फारसे बदलत नसत. पुढे या गोष्टींत जे बदल झाले, ते पाहताना एक बाब लक्षात ठेवावी लागते. आया आणि मुलींच्या या कथांपैकी पुष्कळशा बायकांनी सांगितलेल्या होत्या. त्यांना कात्री लावण्याचे काम मात्र एका पुरुषाच्या हाती आले.

पहिले पुस्तक मुलांसाठी होते का?

‘मुलांच्या आणि घरगुती कथा’ या अर्थाचे नाव असलेला पहिला खंड डिसेंबर १८१२ मध्ये बर्लिनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ८६ कथा होत्या. सुमारे ९०० प्रती छापल्या गेल्या. १८१५ च्या दुसऱ्या खंडात आणखी ७० कथा आल्या. नावात ‘मुले’ असली तरी पुस्तकाचा तोंडवळा अभ्यासकी होता. आत एकही चित्र नव्हते, पण शेवटी कथांच्या उगमाविषयी आणि त्यांच्या निरनिराळ्या रूपांविषयी भरपूर टिपा होत्या.

गंमत म्हणजे पुस्तकाची अर्पणपत्रिका एका तान्ह्या बाळासाठी होती. ग्रिम बंधूंचे मित्र, कवी आखिम फॉन आर्निम आणि त्यांच्या पत्नी बेटिना यांना त्याच वर्षी मुलगा झाला होता. पुस्तक बेटिना यांना त्या बाळासाठी म्हणून अर्पण केलेले होते. वाद सुरू झाला तोही याच घरातून.

आक्षेप कोणत्या गोष्टीवर होता?

पहिल्या खंडात २२ व्या क्रमांकावर एका गोष्टीची दोन रूपे दिली होती. पहिल्या रूपात काही लहान मुले खाटीकखाना-खाटीकखाना खेळतात. एक खाटीक होतो, एक डुक्कर होतो आणि खेळता खेळता डुक्कर झालेल्या मुलाचा खरोखरच गळा चिरला जातो. मारणाऱ्या मुलाचे काय करायचे, असा पेच पंचांपुढे पडतो. तेव्हा एक वृद्ध पंच त्याच्यापुढे सफरचंद आणि नाणे धरायला सांगतो. मूल हसत सफरचंद उचलते. त्याला पैशाची समजही आलेली नाही, असे ठरून ते सुटते. हे रूप दोनच वर्षांपूर्वी बर्लिनच्या एका दैनिकातही छापून आले होते.

दुसरे रूप जास्त भयानक आहे. बापाला डुक्कर कापताना पाहून एक भाऊ दुसऱ्याला तसेच मारतो. आई वरच्या मजल्यावर तान्ह्याला आंघोळ घालत असते. किंकाळी ऐकून ती धावत खाली येते आणि रागाच्या भरात त्याच सुरीने मारणाऱ्या मुलाला भोसकते. परत वर जाऊन पाहते तर बाळ टबात बुडालेले. ती गळफास घेते आणि बाप झुरून मरतो. पुस्तकाच्या एका पानात अख्खे घर संपते.

आर्निम यांनी पत्र लिहून कळवले की, या गोष्टीमुळे एका आईला हे पुस्तक मुलांच्या हाती देण्याची भीती वाटते. कोणती गोष्ट सांगायची ते आईवडिलांनी निवडावे, अशी सूचना पुस्तकाच्या नावातच असावी, असेही त्यांनी सुचवले. याकोब यांना हे पटले नाही. हे पुस्तक आपण मुलांसाठी म्हणून लिहिलेले नाही, मुलांना ते आवडले तर आनंदच आहे, अशी त्यांची भूमिका होती.

विल्हेल्म यांचे उत्तर जास्त खासगी होते. खाटकाच्या खेळाची गोष्ट आपल्याला लहानपणी आपल्या आईनेच सांगितली होती, आणि त्यामुळे आपण खेळताना सावध झालो, जपून वागू लागलो, असे त्यांनी कळवले. म्हणजे या वादात भयंकर गोष्टीची बाजू घेणारा माणूस ती गोष्ट ऐकत वाढलेले मूल होता. त्याच्या लेखी ही गोष्ट म्हणजे आईने घेतलेली काळजी होती.

तरीही १८१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही गोष्ट नव्हती. ती पुन्हा कधीच पुस्तकात आली नाही.

आवृत्त्यांमध्ये नेमके काय बदलले?

दुसऱ्या आवृत्तीपासून याकोब जर्मन व्याकरणाच्या अभ्यासाकडे वळले आणि कथांचे संपादन प्रामुख्याने विल्हेल्म यांच्याकडे आले. बालवयाला न शोभणारे सर्व काढून टाकल्याचे या आवृत्तीच्या प्रस्तावनेतच जाहीर केले होते. १८१२ आणि १८५७ या पहिल्या व शेवटच्या आवृत्त्या शेजारी ठेवल्या की बदलांचे ठळक प्रकार दिसतात.

पहिला प्रकार शरीरसंबंधांचा. १८१२ च्या ‘रॅपन्झेल’मध्ये मनोऱ्यात कोंडलेली मुलगी आपल्याला सांभाळणाऱ्या परीला भोळेपणाने विचारते की, हल्ली कपडे घट्ट का होऊ लागले आहेत. राजपुत्राच्या भेटींचा परिणाम वाचकाला कळतो आणि परीलाही. पुढच्या रूपात परीची जादूगारीण झाली, राजपुत्राने आधी लग्नाचे विचारले आणि मुलीचा प्रश्नही बदलला. राजपुत्राच्या मानाने तुम्ही वर ओढायला इतक्या जड कशा, असे ती विचारू लागली. त्यामुळे शेवटच्या आवृत्तीत ती भोळी न वाटता मूर्ख वाटते. आणि एवढे करूनही, पुढे रानात भटकताना तिच्यासोबत असलेली जुळी मुले गोष्टीत कायम राहिली. ‘बेडूक राजा’मध्येही असेच झाले. आधी बेडकाचा राजपुत्र होताच राजकन्या त्याच्या शेजारी जाऊन झोपते. नंतरच्या रूपात मध्ये वडिलांची संमती आणि विवाह आला.

दुसरा प्रकार आईचा. हिमगौरीची आई १८१९ मध्ये सावत्र झाली. ‘हान्सेल आणि ग्रेटेल’मध्ये घरात अन्न नाही म्हणून मुलांना रानात सोडून येऊ, असे सुचवणारी बाई आधी त्यांची आई होती. १८४० च्या चौथ्या आवृत्तीत तीही सावत्र झाली. सख्ख्या बापाला मात्र कात्री लागली नाही. बायकोच्या दबावाने का होईना, मुलांना रानात नेणारा बाप शेवटपर्यंत सख्खाच राहिला आणि शेवटी मुले त्याच्याच गळ्यात पडली.

तिसरा प्रकार भुकेचा. दुष्काळातल्या मुलांची एक छोटी कथा १८१५ च्या खंडात होती. उपासमारीने वेडीपिशी झालेली आई आपल्या दोन मुलींना सांगते की, आता तुम्हाला मारून खाण्यावाचून इलाज नाही. मुली दोनदा कुठून तरी भाकरीचा तुकडा आणतात, पण तो पुरत नाही. शेवटी दोघी शांतपणे झोपी जातात आणि पुन्हा उठत नाहीत. आई कुठे गेली ते कोणालाच कळत नाही. या कथेत चेटकीण, राक्षस असे कोणीच नाही, ज्याच्यावर दोष ढकलावा. दुसऱ्या आवृत्तीत ही कथाही वगळली गेली.

मग गोष्टींतले क्रौर्य कमी झाले का?

सौम्य करणे म्हणजे हिंसा कमी करणे, असे आपण गृहीत धरतो. विल्हेल्म यांच्या हातून काही ठिकाणी नेमके उलट झाले.

‘सिंड्रेला’चे उदाहरण घ्या. बुटात पाय बसावा म्हणून एक बहीण पायाचे बोट आणि दुसरी टाच कापते, हे पहिल्या आवृत्तीतही होते. लग्नाच्या वेळी कबुतरे येऊन त्या दोघींचे डोळे फोडतात, हा शेवट मात्र १८१९ मध्ये जोडला गेला. म्हणजे मुलांचा विचार करून जी आवृत्ती तयार झाली, त्याच आवृत्तीत डोळे फोडण्याची शिक्षा आली. हिमगौरीच्या लग्नात दुष्ट राणीला तापलेले लोखंडी बूट घालून मरेपर्यंत नाचावे लागते, हे दृश्य पहिल्या आवृत्तीपासून शेवटच्या आवृत्तीपर्यंत टिकले. सावत्र आईने मुलाचे डोके पेटीच्या झाकणाखाली तोडून त्याचे कालवण बापाला वाढल्याची ‘जुनिपरचे झाड’ ही कथाही शेवटपर्यंत राहिली.

त्याहून अस्वस्थ करणारी बाब म्हणजे एका ज्यू माणसाला काटेरी झुडपात नाचवून, त्याचे हाल करून शेवटी फासावर चढवण्याची कथा. ती मोठ्या आवृत्तीत तर राहिलीच, पण खास मुलांसाठी निवडलेल्या ५० कथांमध्येही तिला जागा मिळाली. पुढे नाझी राजवटीने ग्रिमकथा आपल्या प्रचारासाठी वापरल्या, तेव्हा अशा कथा हाताशी तयार होत्या.

या सगळ्याचा हिशेब मांडला तर कात्रीचा नियम स्पष्ट होतो. वाईट माणसाला झालेली शिक्षा कितीही भयंकर असली तरी चालत होती. ज्या क्रौर्याला शिक्षा देता येत नाही, जे आपल्याच घरात घडते, आईच्या रागातून किंवा रिकाम्या भांड्यातून जन्म घेते, ते काढून टाकले गेले किंवा परक्याच्या माथी मारले गेले.

विल्हेल्म यांनी हे का केले?

एक कारण बाजाराचे होते. पहिल्या पुस्तकाचा खप मंद होता. १८२३ मध्ये एडगर टेलर यांनी लंडनमध्ये या कथांचे इंग्रजी भाषांतर काढले. जॉर्ज क्रुकशँक यांची गमतीदार चित्रे असलेले ते पुस्तक गाजले. टेलर यांनी तर लोखंडी बूटही काढून टाकले. त्यांच्या पुस्तकात राणी हिमगौरीला जिवंत पाहून संतापानेच कोसळून मरते. हे यश पाहून १८२५ च्या नाताळासाठी ग्रिम बंधूंनी ५० कथांची छोटी, स्वस्त आवृत्ती काढली. धाकटे भाऊ लुडविग एमिल यांनी तिच्यासाठी सात चित्रे काढली. विल्हेल्म यांच्या हयातीतच या छोट्या पुस्तकाच्या दहा आवृत्त्या निघाल्या. आज जगभर ज्या ग्रिमकथा माहीत आहेत, त्यांचा मुलांपर्यंतचा रस्ता या छोट्या पुस्तकातून जातो.

दुसरे कारण त्या काळातल्या मध्यमवर्गीय घराचे. ते घर पुस्तके विकत घेत होते, संध्याकाळी मुलांना वाचून दाखवत होते, आणि त्याच्या केंद्रस्थानी प्रेमळ आई होती. आईच मुलांना मारायला निघते, हे त्या दिवाणखान्यात वाचणे अवघड होते. आईपणाची प्रतिमा जपण्यासाठी विल्हेल्म यांनी हे बदल केले, असे अनेक अभ्यासक मानतात. बाळंतपणात बायका दगावण्याचे प्रमाण मोठे असलेल्या त्या काळात सावत्र आया घरोघरी होत्या. सख्ख्या आईची अब्रू राखली गेली आणि तिची किंमत या बायकांनी मोजली.

तिसरी गोष्ट त्यांच्या स्वतःच्या घराची. मे १८२५ मध्ये विल्हेल्म यांनी डोर्टशेन विल्डशी लग्न केले. शेजारच्या दुकानातली, कधीकाळी त्यांना गोष्टी सांगणारी हीच ती मुलगी. अविवाहित याकोब आयुष्यभर या जोडप्यासोबत एकाच घरात राहिले. एप्रिल १८२६ मध्ये पहिला मुलगा झाला, त्याला काकाचे नाव दिले. डिसेंबरमध्ये ते बाळ गेले. पुढे दोन मुलगे आणि एक मुलगी झाली. मात्र मुले झाल्यामुळे विल्हेल्म हळवे झाले आणि गोष्टी मऊ झाल्या, असे म्हणता येत नाही. खाटकाच्या खेळाची आणि दुष्काळाची कथा त्यांनी लग्नाच्या सहा वर्षे आधीच वगळली होती. हान्सेल आणि ग्रेटेलची आई सावत्र झाली तेव्हा मात्र त्यांच्या घरात तीन मुले वाढत होती.

लोकांच्या दबावापुढे ते झुकणारे होते का?

तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १८३० च्या सुरुवातीला दोघे भाऊ गॉटिंगेन विद्यापीठात गेले. १८३७ मध्ये हॅनोव्हरचा नवा राजा एर्न्स्ट आउगुस्ट याने १८३३ ची राज्यघटना रद्द केली. सात प्राध्यापकांनी लेखी निषेध नोंदवला. त्यात दोघे ग्रिम बंधू होते. डिसेंबरमध्ये सातही जणांना बडतर्फ करण्यात आले. याकोब यांच्यासह तिघांना तीन दिवसांत राज्य सोडण्याचा हुकूम झाला. तब्येतीने कमकुवत, तीन लहान मुलांचा बाप असलेल्या विल्हेल्म यांनी नोकरी घालवली, पण सही मागे घेतली नाही.

१८४१ मध्ये प्रशियाच्या राजाच्या निमंत्रणावरून कुटुंब बर्लिनला गेले. तिथे दोघांनी जर्मन भाषेच्या महाकोशाला वाहून घेतले. त्याचा पहिला खंड १८५४ मध्ये निघाला. विल्हेल्म यांच्याकडे ‘डी’ हे अक्षर होते. कोशाचे काम इतके अवाढव्य होते की ते अनेक पिढ्यांच्या हातून १९६१ मध्ये पूर्ण झाले. कोशाच्या जोडीने कथांचे काम चालूच होते. १८५७ मध्ये सातवी आवृत्ती आली. १६ डिसेंबर १८५९ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी विल्हेल्म यांचे बर्लिनमध्ये निधन झाले. चार वर्षांनी याकोब गेले. दोघांच्या कबरी शेजारी शेजारी आहेत.

त्यांच्यानंतर कात्री कोणाच्या हाती गेली?

कात्री थांबली नाही. १९३७ च्या डिस्नेच्या चित्रपटात लोखंडी बूट नाहीत. राणी कड्यावरून कोसळून मरते आणि कोणालाही तिला शिक्षा द्यावी लागत नाही. विल्हेल्म यांनी आईला वाचवले, डिस्नेने हिमगौरीच्या लग्नातल्या पाहुण्यांना वाचवले, असे म्हणता येईल.

१९७६ मध्ये मानसतज्ज्ञ ब्रुनो बेटेलहाइम यांनी याच्या विरोधात जोरदार मांडणी केली. मुलांच्या मनात भीती, मत्सर आणि टाकून दिले जाण्याची धास्ती असतेच. काळोख्या परीकथा त्या भीतीला आकार देतात आणि तिच्यातून बाहेर पडण्याची वाटही दाखवतात, असे त्यांचे म्हणणे होते. विशेष म्हणजे सावत्र आईचेही त्यांनी समर्थन केले. रागावलेली आई आणि प्रेमळ आई एकच आहे, हे लहान मुलाला पेलत नाही. दुष्ट सावत्र आईमुळे त्याला रागावायला एक जागा मिळते आणि सख्ख्या आईवरचा विश्वासही टिकतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो मान्य केला तर विल्हेल्म यांचा बदल मुलाच्याही कामी आला. पण ज्या घरात खरोखरच सावत्र आई आहे, तिथल्या मुलाने आणि त्या बाईने या गोष्टीचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच. तसेच ज्या मुलाला सख्ख्या आईबापाकडूनच त्रास होतो, त्याला आपली वाटेल अशी गोष्ट या पुस्तकात आता नाही.

आजच्या पालकांनी यातून काय घ्यावे?

गोष्टी बदलाव्यात की नाही, हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे, असे विल्हेल्म यांच्या आयुष्यातून दिसते. सांगणारा प्रत्येक जण गोष्ट बदलतोच. डोर्टशेनने सांगितलेली गोष्ट विल्हेल्म यांनी बदलली, ती टेलर यांनी बदलली, नंतर सिनेमाने बदलली. विचारायचा प्रश्न असा आहे की, या बदलाने कोणाची सोय झाली? तीन वर्षांच्या मुलाला झोप लागावी म्हणून एखादा प्रसंग गाळणे ही त्याची सोय आहे. घरातली भूक, मोठ्यांचा राग किंवा मृत्यू यांविषयी मुलाने काही विचारू नये म्हणून तो प्रसंग गाळणे ही आपली सोय आहे. त्याच वेळी दुष्टाचे डोळे फोडण्याचा प्रसंग टाळ्या वाजवत सांगितला जात असेल, तर ती गोष्ट सौम्य झालेली नाही. तिच्यातले क्रौर्य फक्त सोयीच्या माणसाकडे वळवलेले आहे.

आर्निम यांची २०० वर्षांपूर्वीची सूचना इथे अजून उपयोगी आहे. आपल्या मुलाला कोणती गोष्ट कधी सांगायची, हे त्याला ओळखणाऱ्या माणसाने ठरवावे. पुस्तकाला समोरच्या मुलाचा चेहरा दिसत नाही, सांगणाऱ्याला दिसतो. मूल घाबरले तर तो थांबू शकतो, जवळ घेऊ शकतो, प्रश्नाचे उत्तर देऊ शकतो. खाटकाच्या खेळाची गोष्ट विल्हेल्मला सोसली, कारण ती सांगणारी आई जवळ होती. हजारो अनोळखी घरांत जाणाऱ्या छापील पानावर तीच गोष्ट वेगळी ठरली. विल्हेल्म यांनी ती काढली यात त्यांचे चुकले असे म्हणणे कठीण आहे. तिच्या जागी त्यांनी काय ठेवले, यावर मात्र प्रश्न विचारता येतो.

ग्रिम बंधूंनी स्वतः वापरलेल्या पुस्तकाच्या प्रती कासेलमध्ये जपून ठेवलेल्या आहेत. समासांत त्यांच्या हस्ताक्षरातल्या नोंदी आणि दुरुस्त्या आहेत. २००५ मध्ये युनेस्कोने या प्रतींचा जागतिक स्मृतिठेव्यात समावेश केला. पहिल्या आवृत्तीतल्या कथाही कायमच्या नाहीशा झाल्या नाहीत. २०१४ मध्ये जॅक झाइप्स यांनी त्या आवृत्तीचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्यात हिमगौरीची आई सख्खी आहे, दुष्काळातल्या दोन मुली आहेत आणि २२ व्या क्रमांकावर खाटकाच्या खेळाची ती गोष्टही आहे, जी श्टायनाउच्या एका आईने आपल्या मुलाला सांगितली होती.